शुक्रवार एकच असतो: बार्बाडोस, सेंट लुसिया की त्रिनिदाद?

कॅरिबियनला आठवडाभर जातोय, रात्री खायला-फिरायला कुठलं बेट बरं, असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, तुमचा शुक्रवार कुठे पडतोय? कारण तिथे आपल्या मुंबईसारखं रोज रात्री सगळं उघडं असं नसतं हो, छोट्या बेटांवर रात्र वारावर चालते. बार्बाडोसची ऑइस्टिन्सची फिश फ्राय शुक्रवारी, सेंट लुसियाची रस्त्यावरची पार्टी शुक्रवारी, आणि त्याच बेटावर आन्स ला रे नावाच्या कोळ्यांच्या गावात मासे-लॉबस्टरचा बाजार भरतो तोही शुक्रवारीच! म्हणजे सोमवार ते गुरुवार जाऊन आलात आणि मग म्हणालात की काय बोअर जागा आहे, तर त्यात बेटाचा काय दोष.

बार्बाडोसपासून सुरू करतो. आपल्यासाठी हे बेट म्हणजे 29 जून 2024, केन्सिंग्टन ओव्हल, टी-20 वर्ल्डकपची फायनल, आणि रोहितने खेळपट्टीवरची माती तोंडात टाकली ते. तुम्ही मात्र दक्षिण किनाऱ्यावर ऑइस्टिन्सला जाऊन मासे खा. मासे उतरवायचा धक्का, शेजारी ओळीने टपऱ्या, ग्रिलचा धूर, समोर लाकडी बाकडी, कोणाच्याही शेजारी जाऊन बसायचं. फळ्यावर डॉल्फिन लिहिलेलं बघून माझी बायको दचकली होती, तर तो डॉल्फिन नव्हे, माहीमाही नावाचा मासा. मार्लिन मिळतो, सुरमईच्या जातीतला किंगफिश मिळतो, आणि फ्लाइंग फिश तर तिथला राष्ट्रीय मासाच. सोबत मॅकरोनी पाय म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी, तळलेलं केळं, आणि मोहरी घातलेला पिवळा पेपर सॉस, जो दिसायला आपल्या कैरीच्या लोणच्याच्या खारासारखा आणि तिखटाला त्याच्या चौपट, तेव्हा बाटली उपडी करू नका.

मला तिथलं सगळ्यात काय आवडलं सांगू? मोठ्या स्टेजवर सोका हे तिथलं नाचाचं संगीत दणदणत होतं, टुरिस्ट लोक मोबाइल वर धरून नाचत होते, आणि तिथून थोडं बाजूला एका जागी जुनी गाणी लावून स्थानिक आजी-आजोबा जोडीने बॉलरूम डान्स करत होते. एक आजोबा इस्त्रीची पँट, डोक्यावर हॅट, चेहरा एकदम गंभीर, पाऊल एकही चुकत नव्हतं. माझे सासरे अर्धा तास तिथून हललेच नाहीत.

नंतर जागायचं असेल तर सेंट लॉरेन्स गॅप, नुसतं गॅप म्हणतात, एकच रस्ता आणि दोन्ही बाजूंना बार नि हॉटेलं, चालत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाता येतं. थोडं टुरिस्टी आहे पण म्हाताऱ्यांना आणि मुलांना घेऊन जाताना तेच बरं पडतं. बस साडेतीन बार्बाडोस डॉलर, कुठूनही कुठेही. पांढऱ्या झेडआर व्हॅनमध्ये, म्हणजे खासगी मिनीबसमध्ये, बसलात तर गाणी फुकट, पण कंबर सांभाळा. पश्चिम किनाऱ्याला होलटाउनकडे टेबल बुक करून, शर्ट बदलून जेवायची हॉटेलं आहेत, तिकडे बिल बघून मासा घशात अडकतो, सर्व्हिस चार्ज आधीच लावलाय का ते बघूनच टिप द्या.

पैशाचं एक लक्षात ठेवा, दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, दोन्ही चालतात, आणि गोंधळ इथेच होतो. एका टॅक्सीवाल्याने वीस सांगितले, मी शहाण्यासारखे वीस अमेरिकन काढून दिले, त्याने निवांत ठेवून घेतले. हॉटेलवर आल्यावर हिशोब लागला. तेव्हा कुठले डॉलर ते आधी विचारा.

सेंट लुसियाचं थोडक्यात. 2024 च्याच वर्ल्डकपात ऑस्ट्रेलियाविरुद्ध रोहितने 92 ठोकले ते ग्रॉस आयलेट, तिकडे त्याला ग्रोझीले म्हणतात. शुक्रवारी रात्री तिथल्या अरुंद गल्ल्या गाड्यांना बंद, कोपऱ्याकोपऱ्यावर चिकन आणि लांबी म्हणजे मोठ्या शंखातलं मांस भाजतायत, पिटन बिअर, स्पीकरच्या भिंती, आणि मध्येच चक्क अमेरिकन कंट्री गाणी, सेंट लुसियाच्या लोकांना त्याचं भयंकर वेड आहे, का ते विचारू नका. मजा आहे, पण ती एका रात्रीची. बाकीचे दिवस रॉडनी बेच्या हॉटेलांत जातात, ठीकठाक आहेत. शिवाय लांबची विमानं दक्षिण टोकाला उतरतात आणि हे सगळं उत्तर टोकाला, डोंगरातून वळणं घेत दीडेक तास, त्यामुळे गाडी लागणाऱ्यांना तो पहिला दिवस गेलाच म्हणून समजा. हनिमूनला जात असाल, डोंगर-समुद्र बघायचाय आणि रात्र दुय्यम आहे, तर मात्र सेंट लुसियाच घ्या.

आता त्रिनिदाद. बीचसाठी कोणी जात नाही, पण खाण्यात बाकीची दोन बेटं याच्या पासंगालाही पुरत नाहीत. 1845 पासून ऊस तोडायला हिंदुस्थानातून मजूर नेले, बहुतेक भोजपुरी पट्ट्यातले, कलकत्त्याहून बोटीने, आणि त्यांच्या स्वयंपाकाचं तिथे जे झालं ते आता अख्खं बेट खातं. डबल्स घ्या. हळद घातलेल्या दोन मऊ तळलेल्या रोट्या, तिथे त्यांना 'बारा' म्हणतात, आपल्या वड्याचाच लांबचा भाऊ, त्यात पातळसर छोले, वर चिंचेची चटणी, काकडी आणि कुचेला, म्हणजे कैरीच्या किसाचं लोणचंच. कागदावर ठेवून हातात देतात, चमचा नाही, उभ्या उभ्या बोटांनी गुंडाळून खायचं आणि ओघळ मनगटापर्यंत यायच्या आत संपवायचं. विक्रेता विचारतो पेपर, म्हणजे तिखट सॉस, किती, तर स्लाइट म्हणा. मी कोल्हापूरचा आहे या गुर्मीत जास्त मागितलं आणि नंतर नारळपाणीवाल्याकडे पळालो.

शाकाहारी मंडळींसाठी तर प्रश्नच नाही, त्रिनिदाद. दक्षिणेत देबे नावाच्या गावात रस्त्याकडेला सहीना, फुलौरी, बैगनी, आलू पाय, सगळं गरम तळून मिळतं. बार्बाडोसला राइस अँड पीज शाकाहारी समजून मागवाल आणि आत खारवलेल्या डुकराच्या शेपटीचा तुकडा निघेल, म्हणून विचारून घ्या.

राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये संध्याकाळी क्वीन्स पार्क सवाना या मोठ्या मैदानाच्या कडेने खाऊगल्ली लागते, मक्याचं सूप, रोटी, नारळपाणी. पुढे वुडब्रुकमध्ये अरियापिटा अव्हेन्यू, तिथे बार, आणि फुटपाथवर उभं राहून निवांत टाइमपास, ज्याला ते लाइम करणं म्हणतात. आपल्या कट्ट्याला याहून जवळचा शब्द मला सापडलेला नाही. कार्निव्हलच्या आधीचे आठवडे असतील तर पॅनयार्डमध्ये जा, स्टीलपॅनची, म्हणजे पिंपाच्या पत्र्याच्या वाद्याची, तालीम रात्री उघड्यावर चालते, बार सोडून मी तिथेच बसेन.

पण हेही सांगितलं पाहिजे की त्रिनिदादमध्ये गुन्हेगारी आहे, 2024 च्या डिसेंबरअखेर आणि पुन्हा 2025 मध्ये तिथे आणीबाणी लावली होती. रात्री अनोळखी भागात पायी फिरायचं नाही, गाडी ओळखीच्या किंवा हॉटेलच्या माणसाकडूनच बोलवायची. सासू-सासरे, लहान पोरं बरोबर असतील तर मी बार्बाडोसच म्हणेन. चार मित्र असाल, पोट मजबूत असेल आणि तिथे एखादा ओळखीचा असेल तर त्रिनिदाद.

आणि दोन्ही करायचंच असेल तर जमतं. शुक्रवारी ऑइस्टिन्स, शनिवारी साधारण तासाभराच्या विमानाने पोर्ट ऑफ स्पेन, रविवारी त्रिनिदादच्याच देशातल्या टोबॅगो बेटावर विमानाने उडी, पंचवीस मिनिटांची, कारण तिथे बक्कू गावात रविवारी रात्री संडे स्कूल नावाची पार्टी असते, नाव शाळेचं, आधी स्टीलपॅन आणि मग उशिरापर्यंत डीजे. अमेरिकेतून जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, ते आधी बघा. आणि मिलिटरी छापाची पँट, टोपी, सॅक काहीही बॅगेत टाकू नका, तिन्ही देशांत त्याला बंदी आहे, एअरपोर्टवरच काढून घेतात.