काळ्या खिडकीत दाखवलेले ‘हॅकर’

नेट मंद चालतं म्हणून सासऱ्यांनी मदतीचा नंबर शोधला आणि जाहिरातीत सगळ्यात वर दिसला त्यावर फोन लावला. पलीकडचा माणूस गोडबोल्या. रिमोट ॲप टाकायला लावून त्याने संगणकाचा ताबा घेतला आणि कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडली.

आधी ‘पिंग’, म्हणजे पलीकडचा सर्व्हर उत्तर देतो का ते बघणारी कमांड. चारही वेळा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, म्हणजे उत्तर नाही. “बघा काका, तुमची लाइन कुणीतरी अडवलीय.” खरं तर कितीतरी सर्व्हर पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत, पत्ता तसलाच निवडला की झालं.

मग ‘नेटस्टॅट’, संगणकाच्या चालू जोडण्यांची यादी दाखवणारी कमांड. पडदाभर ओळी, ‘फॉरेन ॲड्रेस’ नावाचा रकाना आणि जिकडेतिकडे ‘एस्टॅब्लिश्ड’. “हे सगळे बाहेरचे हॅकर, आत्ता तुमच्या मशिनमध्ये बसलेत!” सासरे हादरले. त्या रकान्यात असतं फक्त जोडणीचं पलीकडचं टोक. ब्राउझर उघडा असला की अशा ओळी निरोगी संगणकावरही दिसतात. पत्त्यामागे ४४३ असेल तर ती बहुधा साध्या वेबसाइटची जोडणी, १२७.०.०.१ म्हणजे संगणक स्वतःशीच बोलतोय. शंका आलीच तर ‘नेटस्टॅट -एएनओ’ (netstat -ano) चालवा आणि ओळीतला शेवटचा आकडा, म्हणजे पीआयडी (चालू प्रोग्रामचा क्रमांक), विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जुळवा, प्रोग्राम कोणता ते कळतं. तसं त्या दिवशी केलं असतं तर यादीतला खरा घुसखोरही सापडला असता: त्याचंच रिमोट ॲप.

विश्वास बसावा म्हणून शेवटी ‘असोक’ (assoc) कमांड, कोणत्या प्रकारची फाइल कशाशी जोडलीय ते दाखवणारी. तिच्या यादीत ८८८डीसीए६० ने सुरू होणारा लांबलचक आकडा येतो. तो म्हणाला, हा तुमचा लायसन्स नंबर, आणि फोनवर न बघता धडाधड वाचून दाखवला. हा आकडा सगळ्या विंडोजवर एकच असतो! पण ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस कंपनीचाच. मग ‘सुरक्षा प्लॅन’चे पैसे कार्डावरून गेले.

असं कुणाचं झालं तर पहिल्यांदा नेट तोडा. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर बँकेला कळवा, पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला, रिमोट ॲप काढा. शक्य असेल तर विंडोज नव्याने टाका, कारण त्याने आणखी काय ठेवलंय ते सांगता येत नाही.

आणि काही दिवसांनी ‘कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचेत’ असा फोन येऊ शकतो. आम्हाला आला. तोही आधी स्क्रीनच मागत होता.