टस्कनीची वाईन टूर : गाईड आणि मुक्काम एक नंबर, सान जिमिन्यानोला मात्र घाई

बऱ्याच जणांनी विचारलं इटलीतल्या टस्कनीची ग्रुप टूर कशी झाली म्हणून, तर सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण काही गोष्टी खटकल्यात आणि तशाही या भागातल्या बहुतेक टूर्सचा रूट थोड्याफार फरकाने हाच असतो, फ्लॉरेन्स, कियांती, सिएना, सान जिमिन्यानो, मोंताल्चिनो, पिएन्झा, मोंतेपुल्चानो.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे रोज बॅगा भरून नवं हॉटेल असला प्रकार नव्हता. आधी कियांतीत द्राक्षमळ्यातल्या एका जुन्या शेतघरात मुक्काम आणि मग खाली वाल दोर्चा नावाच्या खोऱ्यात, बस्स, दोनच ठिकाणं. संध्याकाळी परत आपल्याच खोलीत यायचं, त्यामुळे ग्रुपमधले सत्तरीचे काका-काकू पण शेवटपर्यंत फ्रेश होते. कोणतीही वाईन टूर घेताना मी आता पहिला प्रश्न हाच विचारीन की मुक्काम किती ठिकाणी आहेत, कारण वाईनरीत निवांत बसायचं असेल तर सकाळी सातला बॅग खाली आणा म्हणणारी टूर काही कामाची नाही.

गाईड सिएनाचीच होती आणि तिथेच टूरचे पैसे वसूल झाले. पियाझ्झा देल काम्पो आपण फोटोत बघतो, शिंपल्यासारखा उतरता चौक, पण तिने सांगितलं की शहरात १७ कोंत्रादा म्हणजे मोहल्ले आहेत, दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला पालिओची घोड्यांची शर्यत होते आणि एका वेळी धावतात फक्त १० मोहल्ले, त्यामुळे आपला नंबर लागणार की नाही यावर अख्खं वर्ष चर्चा चालते. बाळ जन्मलं की चर्चमधला बाप्तिस्मा वेगळा आणि मोहल्ल्याच्या कारंज्यावर होतो तो वेगळा!! हे सांगताना तिचा आवाज अक्षरशः भरून आला होता. मग कॅथेड्रलच्या बाजूला नेऊन तिने ती अर्धवट उभी राहिलेली प्रचंड भिंत दाखवली. सिएनाला आपलं कॅथेड्रल एवढं वाढवायचं होतं की आत्ताचं चर्च त्याचा नुसता एक आडवा भाग झाला असता, पण १३४८ ची प्लेगची साथ आली आणि काम थांबलं ते थांबलंच. त्या भिंतीखाली उभं राहिल्यावर समजतं हे शहर केवढं श्रीमंत होतं आणि किती पटकन कोसळलं.

आता वाईन. कियांती क्लासिको म्हणजे कियांतीच्या मूळ भागातली रेड वाईन, तिच्या बाटलीवर काळा कोंबडा असतो तो बघूनच घ्या, साध्या कियांतीचा एरिया वेगळा आणि पसरलेला आहे. या क्लासिको भागाची मूळ हद्द १७१६ साली टस्कनीचा राज्यकर्ता तिसऱ्या कोसिमो द मेदिचीने फर्मान काढून आखली होती. क्लासिकोत सांजोवेझे द्राक्ष किमान ८० टक्के लागतं आणि मोंताल्चिनोच्या ब्रुनेल्लो या रेड वाईनमध्ये पूर्ण १०० टक्के. मोंताल्चिनोच्या तळघरात माणसापेक्षा उंच ओकची पिंपं होती, आत गारवा आणि लाकूड-वाईनचा मिसळलेला वास. तिथल्या बाईंनी ब्रुनेल्लो आणि रोस्सो दी मोंताल्चिनो शेजारी शेजारी ओतून पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपे धरायला लावले, रोस्सो लालबुंद चेरीसारखी आणि ब्रुनेल्लोची कड विटकरी झालेली. द्राक्ष तेच, फरक थांबण्याचा. रोस्सो पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये विकता येते, पण ब्रुनेल्लोला कापणीनंतरच्या पाचव्या वर्षाचा जानेवारी उजाडावा लागतो. एवढं एक टेस्टिंग नीट झालं ना की पुढच्या प्रत्येक दुकानात आपण लेबल वाचायला लागतो. आणि खरं सांगू का, रोजच्या जेवणासोबत मला रोस्सोच जास्त आवडली, किंमतही बरीच कमी.

आता खटकलेलं. सान जिमिन्यानोला आम्हाला भर दुपारी नेलं आणि जेमतेम दीड तास दिला. एकेकाळी ७२ मनोरे होते तिथे, आज १४ उरलेत, १९९० पासून वर्ल्ड हेरिटेज आहे, आणि आम्ही काय केलं तर गर्दीत ढकलाढकली करत एक आईस्क्रीम खाल्लं आणि बसकडे पळालो! तिथली वेर्नाच्या ही पांढरी वाईन, १९६६ मध्ये इटलीत डीओसी म्हणजे ठरावीक भागात ठरावीक नियमांनी बनलेल्या वाईनचा अधिकृत दर्जा मिळवणारी पहिली, ती चाखायलाही वेळ नाही. वाईन टूर म्हणून पैसे घेता आणि हे गाळता? एक दिवसाच्या सहलीवाले संध्याकाळी परत जातात, तेव्हा न्यायला हवं होतं.

दुसरं म्हणजे सिटी टॅक्स. हॉटेलात माणशी दर रात्रीचा वेगळा द्यावा लागतो, इटलीत हे कॉमन आहे, पण कंपनीने आधी सांगितलंच नाही आणि चेकआऊटला सगळे युरो शोधत बसले. रेस्टॉरंटमध्ये कोपेर्तो म्हणून माणशी चार्ज लागतो तोही धरून चाला.

चालणं भरपूर आहे. जुन्या गावांत बस आत जात नाही, बाहेर सोडतात, पुढे दगडी चढ. मोंतेपुल्चानोचा वर पियाझ्झा ग्रांदेपर्यंतचा रस्ता चांगलाच दम काढतो. गुडघे दुखत असतील तर बुक करण्याआधी स्पष्ट विचारा.

व्हेज लोकांची सोय होते. पिची नावाची हाताने वळलेली जाडसर शेवई लसूण-टोमॅटोच्या सॉसमध्ये, निव्वळ सुख! रिबोल्लिता म्हणजे बीन्स, काळा कोबी आणि शिळ्या ब्रेडचं दाट सूप, फक्त स्टॉक कशाचा ते विचारून घ्या. ब्रेड बिनमिठाचा असतो, पिएन्झाच्या पेकोरीनो चीजसोबत खाल्लात तर जमतो.

पाचपैकी चार स्टार. जमलं तर सप्टेंबरच्या शेवटी जा, सांजोवेझेची तोडणी चालू असते, मात्र त्या काळात छोट्या वाईनऱ्या पाहुण्यांना फारसा वेळ देऊ शकत नाहीत, तेव्हा टेस्टिंग कुठल्या वाईनरीत आहे आणि बुकिंग कन्फर्म आहे का हे कंपनीकडून लेखी घ्या.