वाढलेली ताकद आणि खाली आलेली सीट : नव्या जीआर यारिसविषयी

टोयोटाने २०२४ च्या जानेवारीत टोकियो ऑटो सलॉन या प्रदर्शनात जीआर यारिस या आपल्या छोट्या, वेगवान गाडीची सुधारित आवृत्ती दाखवली, तेव्हा गाड्यांच्या दर्दी मंडळींमध्ये चर्चा झाली ती मुख्यतः दोन गोष्टींची : जपानी बाजारातील गाडीची ताकद २७२ वरून ३०४ पीएसवर (पीएस म्हणजे अश्वशक्तीचे एकक) गेली, आणि ताकदवान आवृत्तीत इतकी वर्षे फक्त मॅन्युअल गिअरबॉक्स असलेल्या या गाडीला प्रथमच आठ गिअरचा ऑटोमॅटिक मिळाला. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत आणि त्यांविषयी पुढे लिहिणारच आहे. मात्र डोंगरातील वळणावळणाच्या रस्त्यावर आणि एका बंद सर्किटवर दोन्ही गिअरबॉक्सच्या गाड्या चालवून झाल्यावर माझ्या मनात सर्वांत ठळक राहिला तो वेगळाच आकडा, २५ मिलिमीटरचा. चालकाची सीट तेवढी खाली आणली आहे. पहिल्या आवृत्तीचे कौतुक करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने जी एक तक्रार केली होती, ती उंच सीटची होती, आणि कंपनीने ती ऐकून घेतली.

हा बदल इतका का जाणवतो, हे समजण्यासाठी ही गाडी मुळात कशासाठी तयार झाली ते पाहावे लागते. जीआर यारिस २०२० मध्ये आली ती जागतिक रॅली स्पर्धेतील टोयोटाच्या गाडीला अधिकृत पाया मिळावा म्हणून. त्या काळच्या नियमांनुसार मूळ गाडी वर्षभरात २५,००० इतक्या संख्येने तयार होणे आवश्यक होते, त्यामुळे मोजक्या प्रती काढून मोकळे होण्याचा मार्ग उपलब्ध नव्हता. नाव यारिसचे असले तरी दैनंदिन वापराच्या यारिसशी तिचे नाते फार दूरचे आहे : पुढचा भाग लहान गाड्यांच्या प्लॅटफॉर्मचा (म्हणजे पायाभूत सांगाड्याचा) आणि मागचा भाग कोरोलाच्या आकाराच्या गाड्यांच्या प्लॅटफॉर्मचा घेऊन दोन्ही जोडले आहेत, दारे पाचाऐवजी तीन आहेत, छत कार्बन फायबरचे आहे, तर बॉनेट, दारे आणि डिकीचे झाकण ॲल्युमिनियमचे आहे. चार वेळा जागतिक रॅली विजेता ठरलेल्या टॉमी मॅकिनेनच्या संघाने तिच्या जडणघडणीत हातभार लावला, आणि कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष अकिओ तोयोदा स्वतः चाचणीचालक म्हणून तिच्या स्टिअरिंगमागे बसले. मोटोमाची येथील कारखान्यात सलग धावणाऱ्या पट्ट्यावर न जोडता वेगवेगळ्या कक्षांत थांबवून, कुशल कामगारांच्या हातून तिची जुळणी होते.

पुढे रॅलीचे नियमच बदलले. २०२२ पासून सर्वोच्च गटातील गाड्यांना नळ्यांचा वेगळा सांगाडा आणि हायब्रिड यंत्रणा आली, त्यामुळे ज्या स्पर्धेसाठी ही गाडी घडवली त्या स्पर्धेत ती मूळ रूपात कधी उतरलीच नाही. अनेक चाहत्यांना याची अजूनही हळहळ वाटते, आणि मलाही वाटते. तरी विक्रीच्या गाडीशी अधिक जवळचे नाते ठेवावे लागणाऱ्या रॅली२ या खालच्या गटात तिच्यावर आधारलेली गाडी २०२४ पासून धावते आहे, आणि रस्त्यावरच्या गाडीतील अनेक सुधारणांचा उगम रॅलीच्या अनुभवात आहे हे चालवताना कळते.

इंजिन १,६१८ सीसीचे, तीन सिलिंडरचे आणि टर्बोचार्जर (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र) जोडलेले आहे. तीन सिलिंडर हा शब्द ऐकताच पुष्कळ जुन्या शौकिनांचा चेहरा उतरतो, कारण काटकसरीच्या छोट्या गाड्यांची आठवण होते. इथे मात्र तीनची निवड विचारपूर्वक केलेली आहे. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक्झॉस्टचे धक्के एकमेकांपासून पुरेशा अंतराने येतात आणि एकमेकांच्या आड येत नाहीत, त्यामुळे साध्या रचनेच्या एकाच टर्बोलाही तो प्रवाह नीट वापरता येतो. शिवाय टर्बोचा दांडा बॉल बेअरिंगवर फिरतो, म्हणून ॲक्सिलरेटर दाबल्यानंतर तो वेग पकडायला फार वेळ लावत नाही. नव्या आवृत्तीत पिस्टन हलके केले आहेत, व्हॉल्व्हची यंत्रणा भक्कम केली आहे आणि इंधन फवारण्याचा दाब वाढवला आहे. जपानी गाडीचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, त्यामुळे ३७० वरून ४०० न्यूटन-मीटरवर गेला. युरोपात प्रदूषणाच्या नियमांमुळे ताकद २६१ वरून २८० पीएसपर्यंतच वाढली, आणि टॉर्क ३६० वरून ३९० न्यूटन-मीटर झाला.

चालवताना हे आकडे असे उतरतात : तीन हजार आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाचे फेरे) खाली इंजिन समजूतदार असते, पण त्यापुढे गाडी ज्या जोमाने पुढे झेपावते तो जोम १.६ लिटरच्या इंजिनाकडून अपेक्षित नसतो, आणि सुई वरच्या टोकाकडे गेली तरी तो ओसरत नाही. बहुतेक छोट्या टर्बो इंजिनांत मधल्या पट्ट्यात सगळा जोर संपतो आणि वर नुसता आवाज उरतो. या इंजिनाचे तसे नाही, त्याला फिरायला आवडते. आवाजाबद्दल मात्र मतभेद आहेत आणि ते मला रास्त वाटतात. तीन सिलिंडरचा खरखरीत, किंचित विस्कळीत ठेका काहींना रॅलीच्या वातावरणाशी जुळणारा वाटतो, काहींना चार सिलिंडरच्या भरीव गर्जनेची उणीव भासते. केबिनमध्ये स्पीकरमधून मिसळला जाणारा आवाज मला अनावश्यक वाटला, कारण खिडकी उघडी ठेवली की खरा आवाज ऐकू येतो आणि तोच अधिक चांगला आहे.

वजन सुमारे १,२८० किलो, ऑटोमॅटिक गाडीचे त्याहून वीसेक किलो जास्त. चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा सर्वसाधारण मोडमध्ये पुढे ६० आणि मागे ४० टक्के अशी विभागणी करते. पूर्वी स्पोर्ट मोडमध्ये ३० आणि ७०, तर ट्रॅक मोडमध्ये ५० आणि ५० अशा ठरलेल्या विभागण्या होत्या, नव्या आवृत्तीत ट्रॅक मोड परिस्थितीनुसार ६०:४० ते ३०:७० या मर्यादेत स्वतःच बदलत राहतो. कागदावर हा बदल किरकोळ वाटतो. पण ओल्या सर्किटवर एका दीर्घ उजव्या वळणात मी ॲक्सिलरेटर थोडा लवकर दाबला, तेव्हा गाडीचे नाक आत वळले, मागची बाजू हलकेच बाहेर आली आणि लगेच सावरली, आणि यातले काहीही चालकाच्या अपरोक्ष घडल्यासारखे वाटले नाही. पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरला गाडीच्या बॉडीशी जोडणारे बोल्ट एकावरून तीन केले आहेत, स्पॉट वेल्डिंगचे बिंदू सुमारे १३ टक्क्यांनी आणि जोडणीतील चिकट द्रव्य सुमारे २४ टक्क्यांनी वाढवले आहे. स्टिअरिंग फिरवताच गाडी जो प्रतिसाद देते, त्यातला नेमकेपणा या कामातून आला आहे असे मला वाटते.

आता गिअरबॉक्स. या गाडीविषयी चाहत्यांमध्ये जेवढा वाद झाला तेवढा इतर कशावरही झाला नाही. एका बाजूचे म्हणणे असे की, क्लच आणि गिअरची काठी हीच या गाडीची ओळख होती आणि ऑटोमॅटिक देणे म्हणजे तिला सर्वसामान्यांच्या पंक्तीत बसवणे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, हात-पाय स्टिअरिंग आणि ब्रेकसाठी मोकळे राहिले तर वेगात अधिक सुसंगती येते, आणि ज्यांना क्लच वापरणे शारीरिकदृष्ट्या कठीण आहे त्यांनाही अशी गाडी चालवता यायला हवी. मी स्वतः मॅन्युअलच्या बाजूचा आहे आणि राहीन, पण ऑटोमॅटिक चालवल्यावर त्याच्याविषयीचा माझा पूर्वग्रह गेला. हा झटपट गिअर बदलणारा, दोन क्लचचा डबल क्लच नाही, नेहमीच्या ऑटोमॅटिक गाड्यांतला, तेलातून ताकद पोहोचवणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचाच गिअरबॉक्स आहे, तरीही तो ब्रेक किती जोराने आणि किती पटकन दाबला, ॲक्सिलरेटरवरून पाय कसा काढला, हे पाहून वळण येण्याआधीच खालचा गिअर निवडतो. गाडीचे बाजूने झुकणे किंवा वेग घटणे याची वाट पाहत बसण्यापेक्षा चालकाचा इरादा ओळखणे ही त्याची पद्धत आहे, आणि सर्किटवर सलग पाच-सहा फेऱ्या मारल्यावर मी स्टिअरिंगमागच्या, हाताने गिअर बदलायच्या पॅडलना हात लावणे बंद केले, कारण मी जो गिअर निवडला असता तोच त्याने आधीच निवडलेला असे. सहाऐवजी आठ गिअर असल्याने त्यांतील अंतरही कमी आहे, त्यामुळे इंजिन जोमाच्या पट्ट्यातून बाहेर पडत नाही.

मात्र डोंगरातील त्या रस्त्यावर, जिथे कोणाशी स्पर्धा नसते आणि घड्याळ पाहण्याचे कारण नसते, तिथे मॅन्युअलचा आनंद वेगळाच. क्लचचे वजन नेमके आहे, काठीचा प्रवास आखूड आणि घट्ट आहे, आणि खाली गिअर टाकताना आपोआप आरपीएम जुळवणारी सोय हवी तेव्हा बंद करता येते. ब्रेक दाबत टाच-चवड्याने ॲक्सिलरेटर हलवण्याचे कसब ज्यांनी कष्टाने मिळवले आहे त्यांच्यासाठी ती बंद ठेवणेच योग्य. ऑटोमॅटिकमुळे मॅन्युअलचा हक्क हिरावला गेलेला नाही हे वाद घालणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे. दोन्ही उपलब्ध आहेत, आणि ऑटोमॅटिकमुळे काही अधिक ग्राहक मिळून या गाडीचे उत्पादन चालू राहणार असेल, तर त्याचा लाभ मॅन्युअलवाल्यांनाही आहे.

पुन्हा सीटकडे येतो. पहिल्या आवृत्तीत चालक गाडीच्या आत बसण्याऐवजी गाडीवर बसल्यासारखा वाटे, आणि उंच व्यक्तीचे हेल्मेट छताच्या जवळ येई. २५ मिलिमीटरने खाली गेलेल्या सीटसोबत स्टिअरिंगची जागाही जुळवून घेतली आहे. डॅशबोर्डचा वरचा काठ ५० मिलिमीटर खाली आणला आहे, आतला आरसा काचेच्या वरच्या कडेला नेला आहे आणि मधले पॅनेल चालकाकडे १५ अंशांनी वळवले आहे. यामुळे काय होते, तर डाव्या-उजव्या वळणांच्या साखळीत पुढच्या वळणाचा आतला कोपरा, जो पूर्वी आरसा आणि स्क्रीन यांच्या मागे दडत असे, तो आता वेळेवर दिसतो. नजर लवकर पोहोचली की हात शांत राहतात. डॅशबोर्डच्या दिसण्यावर मात्र बरीच टीका झाली : सरळ, चपटा, सजावटविरहित, एखाद्या कामाच्या वाहनातला. मला तो आवडला. बटणे हातमोजे घालूनही सापडतात, १२.३ इंचांच्या डिजिटल पडद्यावर हवी ती माहिती मोठ्या अक्षरांत दिसते, आणि पट्ट्याने सीटला घट्ट बांधलेल्या अवस्थेत सगळे हाताच्या अंतरावर येते. ज्यांना महागड्या गाडीत मऊ पृष्ठभाग आणि चकाकी हवी असते, त्यांची नाराजी मी समजू शकतो.

पुढच्या बंपरचा खालचा भाग आता स्वतंत्र तुकड्यांत आहे, जेणेकरून सर्किटवर वा रॅलीत एक कोपरा फुटला तर अख्खा बंपर बदलावा लागू नये. खालची जाळी प्लॅस्टिकऐवजी पोलादाची आहे. विक्रीच्या गाडीत इतका व्यवहारी विचार क्वचित दिसतो.

दैनंदिन वापराच्या दृष्टीने गाडी सोयीची नाही, हे स्पष्टच सांगायला हवे. डिकी १७४ लिटरची आहे, मागच्या दोन सीटवर प्रौढ माणसांनी लांबचा प्रवास करू नये, आणि तीन दारांमुळे तिथे शिरणेही त्रासाचे आहे. खराब रस्त्यावर सस्पेन्शन कडक वाटते, आणि वेगात टायरचा आवाज संभाषणात व्यत्यय आणतो. कुटुंबासाठी ज्यांना हेच इंजिन हवे, त्यांच्यासाठी पाच दारांची जीआर कोरोला आहे, पण ती बरीच जड आहे आणि तो हलकेपणा तिच्यात उरत नाही.

या वर्गात पर्याय झपाट्याने कमी होत आहेत, म्हणूनही चाहत्यांच्या प्रतिक्रिया इतक्या भावनिक आहेत. फोर्ड फिएस्टाचे उत्पादन २०२३ मध्ये थांबले आणि तिच्यासोबत एसटी ही तिची चपळ आवृत्तीही गेली. २०४ पीएसची ह्युंदाई आय२० एन ही पुढच्या चाकांवर चालणारी, अधिक स्वस्त आणि अतिशय खेळकर गाडी होती, तीही युरोपच्या बाजारातून गेली. स्वस्त, छोटी आणि वेगवान अशा गाड्यांची जागा रिकामी होत असताना जीआर यारिसची किंमत त्या जागेच्या बरीच वर आहे, हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. पहिली नोकरी लागलेल्या तरुणाने हप्त्यांवर घ्यावी अशी हॉट हॅच (छोटी पण वेगवान हॅचबॅक) ही राहिलेली नाही.

मला निवड करायची झाली तर मी मॅन्युअल घेईन, आणि त्यासोबत पुढे-मागे टॉर्सेन लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक नुसते घसरत फिरू न देता ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवणारी यांत्रिक सोय) असलेली आवृत्ती घेईन, कारण वळणातून बाहेर पडताना आतल्या चाकाची ताकद वाया न जाण्याचा फरक पैशापेक्षा मोठा आहे. ज्यांचे बहुतेक चालवणे गर्दीच्या शहरात आणि अधूनमधून सर्किटवर होणार आहे, त्यांनी ऑटोमॅटिक निःशंकपणे पाहावा. जुनी गाडी असलेल्यांनी केवळ वाढलेल्या ताकदीसाठी ती बदलण्याची गरज नाही, पण आधी एकदा नव्या गाडीच्या सीटवर बसून, हेल्मेट घालून, समोरच्या काचेतून पाहावे.