सुपर टॉप-अप आरोग्य विमा: पहिले पाच लाख हाताशी असतील तरच

लातूरकडच्या माणसाला गंभीर दुखण्यासाठी सोलापूर, हैदराबाद किंवा पुणे गाठावे लागते, त्यामुळे वीस-पंचवीस लाखांचे विमा संरक्षण असावेसे वाटते. पण तेवढ्या पूर्ण संरक्षणाचा हप्ता परवडत नाही. या पेचात सुपर टॉप-अप पॉलिसी उपयोगी पडते, असे माझे अनुभवांती मत झाले आहे. मात्र विमा प्रतिनिधी ज्या घाईने ती विकतात, त्या घाईने ती घेऊ नये.

आमच्या पॉलिसीत वजावट, म्हणजे डिडक्टिबल, पाच लाखांची आहे. वर्षभरातील दवाखान्याच्या मान्य खर्चापैकी पहिले पाच लाख आपण सोसायचे आणि पुढचा भार कंपनीने उचलायचा. समजा, एकाच वर्षात साडेतीन लाखांचे एक आणि चार लाखांचे दुसरे बिल झाले, तर साधी टॉप-अप पॉलिसी प्रत्येक बिल वेगळे मोजते आणि दोन्ही पाच लाखांच्या आत असल्याने एक रुपयाही देत नाही. सुपर टॉप-अप साडेसात लाखांची बेरीज धरते आणि अडीच लाख देते. एवढ्या फरकापुढे, थोडी स्वस्त पडते म्हणून साधी पॉलिसी घेणे मला पटत नाही.

खरा प्रश्न पहिल्या पाच लाखांचा आहे. अमेरिकेत मोठ्या वजावटीच्या विम्याला जोडून आरोग्य बचत खाते उघडता येते. 2003 च्या कायद्याने आलेल्या या खात्यात भरलेल्या रकमेवर, तिच्या वाढीवर आणि उपचारासाठी काढलेल्या पैशावर केंद्रीय प्राप्तिकर लागत नाही, उरलेली शिल्लक बुडत नाही आणि नोकरी बदलली तरी खाते आपलेच राहते. 2026 साठी भरण्याची मर्यादा एका व्यक्तीस 4,400, तर कुटुंबास 8,750 डॉलर आहे. आपल्याकडे असे खाते नाही. प्राप्तिकरातली सवलत आरोग्य विम्याच्या हप्त्याला मिळते, तीही जुन्या करप्रणालीत, आणि ज्याचे सारे उत्पन्न शेतीचे आहे त्याला तिचा उपयोग नाही. म्हणून सोयाबीनची पट्टी हातात आली की हप्त्यात वाचलेली रक्कम आम्ही वेगळ्या मुदत ठेवीत टाकतो आणि लग्नकार्य असो वा बी-बियाणे, त्या पावतीला हात लावत नाही.

गेल्या पावसाळ्यात मुलाला डेंग्यूमुळे दवाखान्यात ठेवावे लागले, तेव्हा सगळे बिल या ठेवीतून गेले. कंपनीकडून काही मिळाले नाही आणि मिळणारही नव्हते. अशी ठेव नसलेल्याला तेच बिल भरायला दागिने गहाण ठेवावे लागतात आणि हप्त्यातली सारी बचत त्या व्याजात जाते. त्यामुळे ठेव जमेपर्यंत दोन-तीन लाखांची मूळ पॉलिसी, म्हणजे वजावट नसलेला नेहमीचा आरोग्य विमा, ठेवावी आणि वजावटही तेवढीच घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, हा मोठाच आधार आहे. पण तो यादीतल्या उपचारांपुरता आणि योजनेतल्या रुग्णालयांपुरता असल्याने केवळ त्याच्या भरवशावर मोठी वजावट घेणे धोक्याचे आहे.

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील 18 टक्के जीएसटी गेला, त्याने हप्ता हलका झाला. आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ, म्हणजे ज्या काळात त्यांचा खर्च मिळत नाही तो, तीन वर्षांपर्यंत असू शकतो, म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर प्रस्तावातच स्पष्ट लिहावा. ग्राहक माहितीपत्रक मराठीतून मागता येते. ते मागून घ्यावे आणि खोलीभाड्याची मर्यादा त्यात आधी पाहावी.

प्रतिनिधीने आम्हाला न सांगितलेली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. वर्षाची बेरीज धरली जात असल्याने दवाखान्यात दाखल झाल्याचे लहान बिलही पुढे मोजले जाते. तेव्हा डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल आणि पैसे भरल्याच्या पावत्या पॉलिसीचे वर्ष संपेपर्यंत एकाच फाइलमध्ये ठेवाव्यात. दुसऱ्या कंपनीची मूळ पॉलिसी असेल तर अस्सल बिले तिच्याकडे जातात, म्हणून देण्यापूर्वी त्यांच्या दवाखान्याचा शिक्का असलेल्या प्रती काढाव्यात आणि त्या कंपनीचे क्लेम मंजुरीचे पत्रही मागून घ्यावे.