पहिला अमोनाइट: घासून चकचकीत केलेला की खडकासकट?

शाळेसाठी किंवा घरच्या संग्रहासाठी पहिला अमोनाइट, म्हणजे नामशेष झालेल्या, शंखात राहणाऱ्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म, घ्यायचा असेल, तर साधारणपणे दोन वाटा असतात: मादागास्करहून येणारा, मधोमध कापून आरशासारखा घासलेला तुकडा, किंवा कच्छसारख्या ठिकाणचा, अंगाला खडक चिकटलेला ओबडधोबड नमुना. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात विज्ञान शिकवत असताना मी दोन्ही वाटांनी गेलो. माझा अनुभव दोनच नमुन्यांचा आहे, त्यामुळे तो तेवढ्याच वजनाने घ्यावा.

आपल्या शिवारात अमोनाइट शोधण्यात वेळ घालवू नये. आमच्याकडे लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात जे शंख मिळतात ते गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे; नागपूरजवळच्या टाकळीचे असे जीवाश्म मिशनरी आणि भूशास्त्राचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांनी १८६० मध्येच अभ्यासकांपुढे मांडले होते. मुले दर पावसाळ्यानंतर तसे शंख आणून ‘अमोनाइट सापडला’ म्हणतात. अमोनाइटच्या शंखात कप्पे पाडणारे पडदे असतात, या शंखांच्या आत ते नाहीत हे दाखवले की प्रश्न मिटतो.

पडदे दाखवण्याच्या बाबतीत कापलेल्या तुकड्याला तोड नाही. एकामागोमाग एक कप्पे, त्यांत भरलेले कॅल्साइटचे स्फटिक, आणि प्राणी फक्त शेवटच्या कप्प्यात राहून मागच्या रिकाम्या कप्प्यांच्या आधारे पाण्यात तरंगत असे, हे मुलांना एका दृष्टिक्षेपात कळते. माझा तुकडा कित्येक वर्गांतून हातोहात फिरला, तरी त्याचा टवका उडालेला नाही. याउलट कच्छचा नमुना मी पहिल्यांदा टेबलावर ठेवला तेव्हा पुढच्या बाकावरून शेरा आला, “सर, हा त गोटाच हाय.” शेरा अगदीच चुकीचा नव्हता, रंग मातकट, बाहेरचा वेढा अर्धा तुटलेला, आणि फासळ्यांसारख्या उठावदार रेघा ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय नीट दिसतही नाहीत. एका जागी मात्र कवच निघाले आहे आणि तिथे पडद्याची कडा कोथिंबिरीच्या पानासारखी कातरलेली दिसते. जाती ओळखताना अभ्यासक याच रेषेकडे पाहतात. उभ्या कापात ती दिसत नाही.

तरीही माझे मत खडकासकट नमुन्याकडे कलले ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या कटकटीमुळे. शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत जीवाश्मांसाठी मी स्वतः एक रकाना आखला होता, ‘स्थळ व थर’. चकचकीत तुकड्यासमोर तो रकाना रिकामा राहिला. विक्रेत्याला विचारले, तर उत्तर आले, “मादागास्कर, अकरा कोटी वर्षे.” मादागास्कर बेट महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आहे, तेव्हा त्यातला कोणता भाग, कोणता खडक, असे पुन्हा विचारले, त्यावर त्याने दुसरा तुकडा घेतल्यास सवलत देऊ केली. दर वर्षी नोंदवही तपासताना तो रिकामा रकाना माझ्याकडे पाहतो, आणि दर वर्षी मी तिथे एक आडवी रेघ ओढतो.

ही चिडचिड निव्वळ कारकुनी नाही. अमोनाइटच्या जाती भराभर बदलल्या आणि समुद्रातून दूरवर पसरल्या, म्हणून कोणती जात कोणत्या थरात आहे यावरून खडकाचे वय लावता येते. जर्मन जीवाश्म-अभ्यासक अल्बर्ट ओपेल यांनी १८५०च्या दशकात ज्युरासिक, म्हणजे डायनोसॉरच्या काळातल्या, खडकांची विभागणी मुख्यतः याच आधारावर केली. कच्छच्या अमोनाइटांवर वागेन या जीवाश्म-अभ्यासकांनी १८७०च्या दशकात आणि पुढे स्पाथ या दुसऱ्या अभ्यासकांनी काम केले, तेव्हा मादागास्करच्या ज्युरासिक अमोनाइटांशी त्यांचे निकटचे साम्य पुढे आले, कारण त्या काळी हे दोन्ही प्रदेश एकमेकांच्या जवळ होते. हे साम्य नुसत्या शंखांवरून नव्हे, शंख आणि थर जोडीने पाहिल्यावरच ठरते. थर हरवलेला अमोनाइट सुंदर राहतो, पण साक्ष देऊ शकत नाही. (देवघरातला शाळिग्रामही बहुधा अमोनाइटच असतो, परंतु त्याला थर कोणी विचारत नाही, आणि विचारूही नये.)

माझा कच्छचा नमुना भुजच्या सहलीत, ढोसा ऊलाइट या थराखालच्या कोरड्या ओहोळातून, शेतमालकाला विचारून उचललेला आहे. तो थरातून काढलेला नसल्यामुळे रकान्यात ‘थराखाली, सुटा’ असेच लिहिले आहे. संरक्षित जागेवरून मात्र काहीही उचलू नये. इतक्या लांब जाणे जमणारे नसेल, तर खडकासकट नमुना विकत घ्यायलाही हरकत नाही, फक्त गाव आणि थर लिहिलेली चिठ्ठी हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सोनेरी पायराइटचे (लोह आणि गंधकाच्या खनिजाचे) नमुने टाळलेले बरे, कारण पावसाळी दमटपणात ते भुगा होऊ लागतात.

केवळ कप्पे दाखवायचे असतील तर घासलेला तुकडा घ्यावा; मीही तो टाकून दिलेला नाही. कच्छच्या नमुन्याची मूळ चिठ्ठी मात्र तिसऱ्या वर्षी वाळवीने खाल्ली, तेव्हापासून त्याचा क्रमांक मी दगडावरच काळ्या शाईने लिहून वर वॉर्निशचा हात दिला आहे.