मोटॅबिलिटीतून परतलेली गाडी घ्यावी, कंपनीच्या ताफ्यातली, की घरगुती वापराची?

ब्रिटनमध्ये तीन वर्षं जुनी गाडी शोधायला बसलं की एकाच मॉडेलच्या, एकाच सालच्या आणि किमतीत फारसा फरक नसलेल्या तीन गाड्या हमखास समोर येतात. एक दिव्यांगांना गाडी देणाऱ्या मोटॅबिलिटी योजनेतून परत आलेली, दुसरी कंपनीच्या लीजवर फिरलेली, तिसरी एकाच कुटुंबाने वापरलेली. पहिलीबद्दल मत देणाऱ्यांचे दोन तट आहेत. एक म्हणतो, फुकटात मिळालेली गाडी कोण जपणार? दुसरा म्हणतो, आजोबांनी दुकानापर्यंत नेलेली असणार, डोळे मिटून घ्या. हिशेब दोघांचाही चुकतो, आणि जास्त महागात पडतो तो दुसऱ्याचा.

मुळात ती गाडी फुकट नसते. १९७७ साली सुरू झालेल्या या योजनेत दिव्यांग व्यक्ती आपला प्रवासभत्ता (बहुधा पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंटमधला वाढीव दराचा) गाडीच्या भाड्यापोटी वळता करते. मोठी किंवा वरच्या श्रेणीतली गाडी हवी असेल तर वर आगाऊ रक्कम भरते. साधी गाडी तीन वर्षांसाठी मिळते, व्हीलचेअरसकट आत जाता येणारी पाच वर्षांसाठी. विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि रस्त्यात बंद पडली तर मदत, सगळं त्या भाड्यात येतं. आज तीन वर्षांच्या होऊन परत येणाऱ्या गाड्यांना तीन वर्षांत ६०,००० मैलांची मुभा होती. मालकी शेवटपर्यंत योजनेचीच राहते आणि परत आलेल्या गाड्या बहुतांशी ऑनलाइन लिलावातून डीलरांकडे जातात. गाडी चालवणारा पुष्कळदा लाभार्थी नसतोच. मुलगा, सून किंवा काळजीवाहक चालवतो, कधी लाभार्थी शाळकरी मूल असतं. त्यामुळे चालक म्हातारा असेल, हळू चालवत असेल, असं काही गृहीत धरू नये.

सर्व्हिसिंग कुणाचं चोख?

इथे मोटॅबिलिटीची गाडी घरगुती गाडीच्या पुढे आहे. सर्व्हिसिंगला खिशातून पैसे जात नाहीत, म्हणजे ते टाळायला कारण नाही. याउलट पीसीपीवर (मासिक हप्ते, शेवटी गाडी परत करायची मुभा) गाडी घेऊन तिसऱ्या वर्षी परत करायचं ठरवलेला माणूस शेवटचं सर्व्हिसिंग गाळतो, हे डीलरांना नवीन नाही. कंपनीच्या गाड्यांचंही सर्व्हिसिंग होतं, पण तिथे कामाच्या धबडग्यात तारीख पुढे ढकलली जाते.

तरीही डीलरच्या तोंडी 'फुल सर्व्हिस हिस्टरी'वर जाऊ नका. डिजिटल नोंदीची छापील प्रत मागा आणि प्रत्येक नोंदीची तारीख व मैल बघा. कमी चाललेल्या गाडीत मैलांपेक्षा तारखा महत्त्वाच्या. तीन वर्षांत तेल एकदाच बदललं असेल, तर १२,००० मैलांचा आकडा काही कामाचा नाही.

ही प्रत लागतेच, कारण ग्रेट ब्रिटनमध्ये पहिली एमओटी (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची सक्तीची तपासणी) तीन वर्षांनी होते आणि लीजही तेव्हाच संपते. सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा इतिहास पाहायला गेलात तर या गाडीपुढे फार तर एक नोंद सापडेल. मीटर खरं आहे का, हे पडताळायला मग सर्व्हिसच्या नोंदीच उरतात. कंपनीच्या गाडीचीही हीच गत. पाच-सहा वर्षांच्या घरगुती गाडीची मात्र दोन-तीन एमओटीची कुंडली हातात येते आणि टायर, ब्रेक, गंज यांबद्दलचे शेरे फुकटात वाचायला मिळतात.

कमी मैलांचा फसवा आनंद

समजा, मोटॅबिलिटीची गाडी १५,००० मैल चालली आहे आणि कंपनीची ५५,०००. आपल्याकडची सवय पहिलीकडे ओढते. पण ते १५,००० मैल झाले कसे? डॉक्टरकडे, शाळेत, सुपरमार्केटला, म्हणजे दोन-तीन मैलांच्या फेऱ्या. इंजिन पुरतं तापण्याआधीच बंद. थंड इंजिनात जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून तेलात मिसळतं. लांब पल्ल्यावर तेल तापलं की ते उडून जातं, छोट्या फेऱ्यांत साठत राहतं. मोटरवेवर ५५,००० मैल धावलेल्या इंजिनाला हा त्रास जवळजवळ नसतो.

बहुतेक इंजिनं हे सहन करतात. ज्याचा टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारा पट्टा) तेलातच फिरतो, ते करत नाही. सर्वात परिचित उदाहरण १.२ लिटरचं प्युअरटेक पेट्रोल इंजिन: प्यूजो २०८ आणि २००८, सिट्रोएन सी३, व्हॉक्सहॉलची २०१९ नंतरच्या पिढीची कोर्सा, मोक्का. पेट्रोल मिसळलेल्या तेलात बेल्टचं रबर फुगतं, भेगाळतं, कडांचे तुकडे सुटतात. ते तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकले की दाब घसरतो. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंपही त्याच तेलावर चालतो, म्हणून कधी पहिली खूण दगडासारख्या कडक झालेल्या ब्रेक पेडलची असते. उत्पादक कंपनीने बेल्ट बदलण्याची मुदत नंतर कमी केली आणि या दोषावर दहा वर्षांपर्यंतची वाढीव हमी दिली, पण ती सर्व्हिसिंग वेळापत्रकाप्रमाणे झालं असेल तरच. म्हणजे पुन्हा त्या तारखांवरच आलो.

बघायचं सोपं आहे. इंजिन थंड असताना तेल भरायचं झाकण उघडा आणि टॉर्च मारा, बेल्टचा थोडा भाग दिसतो. पाठ गुळगुळीत आणि कडा सरळ हव्यात. केसासारख्या भेगा, दोरे सुटलेले किंवा कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या तर पुढचं बोलणंच नको. फुगलेल्या बेल्टची रुंदी मोजायचं माप गॅरेजकडे असतं. याच घराण्याच्या नव्या ४८ व्होल्टच्या हायब्रिड इंजिनात बेल्टऐवजी साखळी आहे, तिथे ही धास्ती नाही. फोर्डच्या १.० इकोबूस्टमध्येही तेलातला पट्टा आहे, तिथेही तेलाच्या तारखा तितक्याच बारकाईने तपासा.

डिझेल असेल तर मोटॅबिलिटीची गाडी मी शेवटी ठेवेन. धुरातली काजळी पकडणारा फिल्टर जळून साफ व्हायला सलग दहा-पंधरा मिनिटं बऱ्यापैकी वेगाने गाडी पळावी लागते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला ते कधी मिळतच नाही. डिझेलच हवी असेल तर कंपनीची लांब पल्ल्याची घ्या.

छोट्या फेऱ्यांच्या बाकी खुणा स्वस्तातल्या आहेत. वीस मिनिटं चालवूनही सिग्नलला स्टार्ट-स्टॉप (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी सोय) एकदाही चाललं नाही, तर १२ व्होल्टची बॅटरी दमली असण्याची शक्यता मोठी. मागच्या ब्रेक डिस्कच्या कडेला गंजाचा काठ आला असेल. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. कायद्याला किमान १.६ मिलिमीटर खोली पुरते, पण ३ मिलिमीटरच्या खाली असेल तर चार टायरचे पैसे किमतीतून वळते करून घ्या.

डिकी उघडा, मग पायाखाली वाका

बहुसंख्य मोटॅबिलिटी गाड्यांत कुठलाच बदल केलेला नसतो. ज्यांत केलेला असतो, त्यातला तो लीज संपताना बहुधा काढून टाकतात. प्रश्न काढल्यानंतर काय मागे राहिलं याचा.

व्हीलचेअर उचलणारा हॉइस्ट डिकीच्या जमिनीत किंवा बाजूच्या खांबात बोल्टने बसवतात. गालिचा उचलून पाहा. भोकात रबरी बूच नीट बसलंय का, भोवती गंज आहे का, खाली ओल लागते का? बूच निघालं की पावसाचं पाणी स्पेअर व्हीलच्या खड्ड्यात जमतं, तेव्हा तिथे हात घालून बघाच. हॉइस्टला वीज देण्यासाठी ओढलेली तार कुठे संपते तेही शोधा, उघडं टोक चिकटपट्टीत गुंडाळून सोडलेलं नको. डाव्या पायाने चालवायचा ॲक्सिलरेटर असेल तर त्याची पट्टी चालकाच्या पायाखालच्या पत्र्यात बसवतात, म्हणून मॅट बाजूला करून गालिचा कापलाय का ते बघा. हातांनी चालवायच्या दांडीचे वळ स्टिअरिंगखालच्या प्लास्टिकवर उमटतात. मागच्या बंपरच्या वरच्या कडेवरचे आडवे ओरखडे व्हीलचेअर चढवण्या-उतरवण्याचे असतात. ते दिसायला वाईट, गाडीला निरुपद्रवी आणि घासाघीस करायला उत्तम.

अपघाताबद्दल एक गोष्ट ध्यानात असू द्या. एचपीआय चेकमध्ये (गाडीच्या पूर्वेतिहासाची तपासणी) विमा कंपनीने मोडीत काढलेली गाडी दिसते (दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर येणाऱ्या गाड्यांचे वर्ग एस आणि एन). पण सगळा दुरुस्तीखर्च विम्यात असलेल्या गाडीचा बंपर, चाकावरचा पत्रा (विंग), दार बदललं असेल तर ते तिथे दिसेलच असं नाही. बॉनेट उघडून पुढच्या विंगचे बोल्ट पाहा. रंग उडालेला असेल तर पाना फिरलेला आहे.

हमी

निर्णय सर्वात जास्त फिरवणारी गोष्ट हीच, आणि तिच्याकडे पाहतात शेवटी. लीज तीन वर्षांची, फोर्ड, व्हॉक्सहॉल आणि निसानची मूळ हमीही तीन वर्षांची. गाडी तुमच्या हातात येते तेव्हा हमी नुकतीच संपलेली. किया सात वर्षं किंवा एक लाख मैल देते, एमजी सात वर्षं किंवा ८०,००० मैल, ह्युंदाई पाच वर्षं, आणि टोयोटा आपल्या डीलरकडे सर्व्हिसिंग करत राहिलात तर दहा वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत. म्हणजे मोटॅबिलिटीची १५,००० मैलांची किया घेतली तर चार वर्षं आणि ८५,००० मैल उत्पादकाच्या डोक्यावर. ५५,००० मैल चाललेल्या कंपनीच्या कियाला मैलांचा काटा आधी गाठेल. त्यामुळे कमी मैलांना जास्त पैसे मोजायचेच, तर लांब हमीच्या गाडीत मोजा. प्युअरटेकवाल्या कोर्सात मोजू नका.

कर आणि कागद

मोटॅबिलिटीची गाडी दिव्यांग वर्गात नोंदलेली, म्हणून करमुक्त असते. ती सवलत तुमच्याकडे येत नाही. शिवाय ब्रिटनमध्ये २०१४ पासून कर गाडीबरोबर जातच नाही, नव्या धारकाला पहिल्या दिवसापासून भरावा लागतो. लॉगबुकवर, म्हणजे व्ही५सीवर, कराचा वर्ग बघा. अजून दिव्यांग वर्ग असेल तर तो बदलून घेण्याचं काम डीलरच्या गळ्यात टाका, नाहीतर पोस्टाच्या खेपा तुम्हाला आहेत.

खरी मेख महागड्या गाड्यांत. नवी असताना ज्या पेट्रोल-डिझेल गाडीची छापील किंमत ४०,००० पौंडांवर होती, तिच्यावर दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षं अधिभार लागतो. २०२५-२६ साठी १९५ पौंडांचा साधा कर आणि वर ४२५, मिळून वर्षाला ६२०. आधीच्या वापरकर्त्याने तो कधी भरलेला नसल्याने जाहिरातीत त्याचा मागमूस नसतो, पण उरलेली तीन वर्षं तो तुमच्याकडून वसूल होतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये बीएमडब्ल्यू, मर्सिडीज हे ब्रँड योजनेतून काढले गेले, तरी आधी दिलेल्या गाड्या अजून काही वर्षं बाजारात येत राहतील.

कुणी व्यक्ती स्वतःची मोटॅबिलिटी गाडी परस्पर विकत असेल तर लांब राहा. लॉगबुकवरचा धारक म्हणजे मालक नव्हे.

कोणाला कोणती

भारतातून नुकतेच आलेल्यांसाठी मोटॅबिलिटीच्या गाड्यांत एक सोय आहे: लहान ऑटोमॅटिक गाड्या इथे तुलनेने भरपूर मिळतात. भारतीय परवान्यावर बारा महिनेच चालवता येतं, मग इथली परीक्षा. ती ऑटोमॅटिकवर दिली तर परवानाही ऑटोमॅटिकपुरताच. अशा घरासाठी साखळीच्या इंजिनाची, लांब हमीची, नियमित तेल बदललेली मोटॅबिलिटी ऑटोमॅटिक मी पहिली निवडेन. रोज साठ-सत्तर मैल जाणाऱ्याने कंपनीची गाडी घ्यावी, पैसे वाचतात आणि इंजिन बहुधा ठणठणीत असतं. घरगुती गाडी तेव्हाच, जेव्हा एमओटीची कुंडली स्वच्छ आहे आणि पावत्या फायलीत आहेत. रेंटल कंपनीने रोजच्या भाड्याने फिरवलेली गाडी बरीच स्वस्त असेल तरच पाहा.

व्हीलचेअरसाठी जमीन खाली उतरवलेली गाडी साध्या वापरासाठी घेऊ नका. ज्यांना ती खरोखर लागते त्यांनी रॅम्पच्या बिजागऱ्या, खुर्ची बांधायचे चारही पट्टे आणि खालच्या पत्र्याचा गंज गाडी लिफ्टवर चढवून बघावा.

खरेदी डीलरकडूनच. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष गाडी ३० दिवसांत परत करता येते आणि सहा महिन्यांपर्यंत दोष आधीचा नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची. खासगी विक्रेत्याकडे हे कवच नाही. रकमेचा थोडा भाग तरी क्रेडिट कार्डने द्या: १०० ते ३०,००० पौंडांच्या गाडीसाठी मग कार्ड कंपनीही बांधील राहते.

पैसे देण्याआधी दोन वस्तू हातात घ्या, दुसरी किल्ली आणि चाकाच्या लॉकिंग नटचा सॉकेट (त्याशिवाय चाक निघत नाही). लीजवरून आलेल्या गाड्यांत हरवलेल्या असतात त्या याच, आणि सॉकेट नसल्याचं कळतं ते रात्री, पावसात, मोटरवेच्या कडेला हार्ड शोल्डरवर.