एक्सट्रूडर, म्हणजे माल दाबून साच्याच्या तोंडातून बाहेर काढणारे यंत्र, हाताशी आहे. सोयाबीनच्या वड्या काढाव्यात की सिरॅमिकच्या नळ्या?

प्लास्टिकचे पाइप, पट्ट्या किंवा दाणे काढणारा कारखानदार नव्या मालाच्या शोधात असला, की दोन वाटा त्याला जवळच्या वाटतात. एक सोयाबीनच्या वड्यांची, म्हणजे अन्नप्रथिनांच्या एक्सट्रूजनची, आणि दुसरी सिरॅमिकच्या नळ्या-सळयांची. दोन्हीकडे माल ढकलणारा स्क्रू, तो ज्यात फिरतो ते नळकांडे म्हणजे बॅरल, आणि आकार देणारे तोंड म्हणजे डाय आहेत, त्यामुळे सवयीचेच काम पुढे चालेल असा समज होतो. तो अर्धाच खरा आहे. निर्णयापूर्वी पाहायचे ते हे, की मालाचे रूप नेमके कोठे पक्के होते. प्लास्टिकचे रूप डायनंतर थंड पाण्यात पक्के होते. प्रथिनाचे रूप बॅरल आणि डायमध्येच ठरून जाते. सिरॅमिकच्या बाबतीत मात्र डायमधून केवळ कच्चा आकार बाहेर पडतो आणि खरे काम त्यानंतर भट्टीत सुरू होते.

वडीसाठी तेल काढून घेतलेले सोयापीठ वापरतात, ज्यात प्रथिने साधारण ५० टक्के असतात. ते ओलसर करून साधारण १४० ते १८० अंश सेल्सिअस तापमानाच्या बॅरलमधून दाबाखाली नेले, की प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात, प्रवाहाच्या दिशेने ओढल्या जातात आणि एकमेकींशी नव्याने जोडल्या जातात. डायच्या तोंडाशी दाब एकदम उतरतो, आतल्या तापलेल्या पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि माल फुगतो. फिरते पाते त्याचे तुकडे करते. वडी साधली की नाही याची परीक्षा साधी आहे. ती गरम पाण्यात भिजवावी, पिळावी आणि बोटांनी फाडावी. पदर सुटून रेषा दिसल्या तर काम झाले, पिठूळ भुगा झाला तर पीठ नुसतेच शिजले. हे तंत्र जुने आहे: त्याचे अमेरिकन पेटंट १९७० साली विल्यम ॲटकिन्सन यांच्या नावे निघाले आणि ते आर्चर डॅनियल्स मिडलंड या कंपनीकडे होते.

या धंद्यात नवखा माणूस फसतो तो यंत्रापेक्षा पिठात. लातूर किंवा विदर्भाच्या सोयापट्ट्यात पेंड मुबलक मिळते, पण पशुखाद्यासाठीची पेंड चांगली भाजून काढलेली असते. त्या उष्णतेने प्रथिने आधीच गोठलेली असतात आणि बॅरलमध्ये पुन्हा उलगडून रेषा धरण्याची त्यांची ताकद संपलेली असते. म्हणून पीठ घेताना पीडीआय, म्हणजे पाण्यात विखुरणाऱ्या प्रथिनाचे शेकडा प्रमाण, विचारावे. वडीसाठी ते साधारण ५० ते ७० लागते आणि भाजलेल्या पेंडीत ते याहून बरेच खाली असते. पिठात तेल अधिक राहिले तर तेही नडते, कारण माल बॅरलला धरत नाही, घसरतो, आणि साध्या एका स्क्रूच्या यंत्रात पुढे सरकण्यासाठी लागणारे घर्षणच मिळत नाही.

प्लास्टिकवाल्याची आणखी एक सवय येथे मोडावी लागते. वीज गेली तर प्लास्टिकचे बॅरल पुन्हा तापवून माल वितळवता येतो. गोठलेले प्रथिन कितीही तापवले तरी वितळत नाही, करपते. म्हणून यंत्र बंद करण्यापूर्वी पाणी वाढवून बॅरल रिकामे करून घ्यावे लागते, आणि अचानक वीज गेली तर डाय उतरवून स्क्रू बाहेर ओढण्याखेरीज मार्ग राहत नाही. ज्यांच्याकडे वीज भरवशाची नाही त्यांनी जनरेटरचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशोबात धरावा. मांसासारखा ओलसर, तंतुमय पदार्थ काढायचा असेल, तर ५० ते ७० टक्के पाणी, दुहेरी स्क्रू आणि डायपुढे लांब थंड नळकांडे लागते. तो स्वतंत्र आणि बराच महाग धंदा आहे, वड्यांचा पुढचा टप्पा नव्हे.

सिरॅमिककडे दोन रीती आहेत. पहिलीत भुकटी पाणी आणि मिथिल सेल्युलोजसारख्या बंधकात मळून, निर्वाताखाली हवा काढून, थंडच ढकलतात. मोटारींच्या धुराड्यातील उत्प्रेरकाचे कॉर्डिएराइट या सिरॅमिकचे जाळीदार ठोकळे याच प्रकारे होतात. येथे बॅरल थंड ठेवावे लागते, कारण मिथिल सेल्युलोज तापले की घट्ट होते. आणि गंमत अशी, की हाच पदार्थ गरम झाल्यावर घट्ट होतो म्हणूनच शाकाहारी बर्गरच्या टिक्कीत घालतात. दुसरी रीत प्लास्टिकवाल्याला घरची वाटेल: ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडची) भुकटी मेण आणि पॉलिमरमध्ये गरम कालवून डायमधून काढायची. न भाजलेला वाया माल दळून पुन्हा वापरता येतो, थेट प्लास्टिकसारखाच.

पण घरपण तेथेच संपते. मिश्रणाच्या आकारमानात भुकटी साधारण ५५ टक्के असेल, तर उरलेले मेण-पॉलिमर हळूहळू काढून टाकावे लागते. घाई केली की आत वायू कोंडून फोड येतात, नळी तडकते. भिंतीची जाडी दुप्पट केली तर वेळ दुपटीवर भागत नाही, त्याहून पुष्कळ अधिक लागतो. मग १६०० अंशांच्या आसपास भाजणी, आणि त्यात नळी सर्व बाजूंनी साधारण १७-१८ टक्के आकसते. १० मिलिमीटरची नळी हवी तर डाय १२ मिलिमीटरची करावी लागते. डायपाशी सरळ दिसलेली नळी भट्टीतून किंचित वाकडी येणे हा या कामातला रोजचा मनस्ताप, आणि ग्राहक ती परत करतो तेव्हा तिच्यावर भाजणीचाही खर्च होऊन चुकलेला असतो.

एकच यंत्र आलटून पालटून दोन्हीसाठी वापरण्याचा विचार करू नये. ॲल्युमिना पोलादाला झिजवते, झिजलेले लोखंड भाजलेल्या मालावर काळे ठिपके पाडते, म्हणून स्क्रू आणि बॅरलला कठीण धातूचे अस्तर लागते. अन्नासाठी स्टेनलेस स्टीलचे, उघडून धुता येणारे यंत्र, वेगळी जागा आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना हवा. जुन्या प्लास्टिकच्या बॅरलमधून खाण्याचा माल काढणे सर्वस्वी चूक आहे.

माझा कौल बहुतेकांसाठी वड्यांकडे झुकतो, पण एका अटीवर: योग्य पीडीआयचे पीठ वर्षभर देणारा पुरवठादार आधी पक्का करावा आणि यंत्राचा कोटेशन त्यानंतर मागवावा. सिरॅमिकमध्ये नफ्याला वाव अधिक असला तरी नुसता एक्सट्रूडर चालवता येतो म्हणून तेथे उतरू नये. ज्याच्याकडे मोजमापांसह आराखडा घेऊन आलेला ग्राहक आहे आणि भट्टीत पैसे व महिने गुंतवण्याची ऐपत आहे, त्यानेच त्या वाटेला जावे. आणि पहिले नमुने स्वतःची भट्टी न बांधता दुसऱ्याच्या भट्टीत मजुरीने भाजून घ्यावेत.